दापोडीची रेघ

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मागं उभे आहेत त्यांनी जरा पुढं येऊन बसा बरं. सतरंजीवर जागा आहे. आप्पांना माणसं ताटकळत उभी राहिलेली चालायची नाहीत. दारात कुणी आलं की 'आधी टेका, मग बोला' म्हणायचे. तर टेका.

मी वैशाली. किसनभाऊंची मुलगी. किसनभाऊ तुमचे, माझे आप्पा. काय बोलायचं ते चऱ्होलीहून निघताना सगळं ठरवलं होतं. नाशिक फाट्यापर्यंत पाठ होतं. दापोडीत शिरले, मंडळाच्या फलकावर आप्पांचा फोटो बघितला, आणि सगळं गेलं. फोटोही कुणी निवडलाय कुणास ठाऊक, आप्पा त्यात हसतायत. लग्नाच्या फोटोतसुद्धा न हसणारा माणूस. त्यामुळं आता जे येईल ते बोलते. मध्येच आवाज अडला तर थांबेन. तुम्हीही थांबा. कुणी पाणी घेऊन पळत येऊ नका, त्यानं जास्त रडू येतं.

माझ्या आधी जे बोलले ते सगळे आप्पांबद्दल चांगलं बोलले. मंडळाचे अध्यक्ष त्यांच्या कबड्डीबद्दल बोलले. कंपनीतले साहेब त्यांच्या कामाबद्दल बोलले. सगळं खरं आहे. एकजण म्हणाले, किसनभाऊ कधी चिडायचे नाहीत. म्हणणारे आमच्या घरी राहायला नव्हते, म्हणून. आई, हसू नकोस, खरं तेच सांगतेय.

पण आप्पांच्या आयुष्यातली एक गोष्ट आज कुणी बोललं नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती अर्धीच ठाऊक आहे आणि काही जणांना चेष्टेपुरतीच ठाऊक आहे. मला ती पुरी सांगायची आहे. ती एका मैदानाबद्दल आहे. ते मैदान दापोडीत नाही, पिंपरीत नाही, आपल्या देशातही नाही.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी आप्पांच्या कंपनीला एक परदेशातलं काम मिळालं. चाकणला लोखंडी सांगाडे बनवायचे, जहाजानं पाठवायचे, आणि इथून माणसं नेऊन तिकडं उभे करायचे. काम होतं एका स्टेडियमच्या छताचं. जुनं छत वादळात उडालं होतं. आप्पा फोरमन. त्यांच्यासोबत आपल्याकडचीच पोरं. बबनकाका त्यातलेच. काका इथंच बसलेत, मान खाली घालून. वर बघा काका, तुमचंही नाव येणार आहे.

तो देश म्हणजे केवढा? आप्पा सांगायचे, 'सकाळी मोटरसायकलवर निघालं तर सगळा देश फिरून चहाला माघारी.' समुद्रातलं एक बेट. त्याचं नाव मला नीट उच्चारता येत नाही. आप्पांनाही यायचं नाही. आमच्या घरात त्या देशाला 'तिकडं' म्हणतात. तिकडं असं असतं, तिकडं तसं असतं. बबनकाका सांगायचे, आपल्याकडं नगरसेवक गाठायचा तर दहा चकरा माराव्या लागतात राव, तिकडं मंत्री स्वतः येऊन वर बघायचा आणि विचारायचा, छत कधी?

आणि त्या अख्ख्या देशात मोठं मैदान एकच. एकच. मधे फुटबॉलचं गवत, भोवती पळायचा तांबडा ट्रॅक, एका बाजूला बसायच्या पायऱ्या. देशाचा फुटबॉल तिथंच. शाळांच्या शर्यती तिथंच. त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची परेड तिथंच. वादळ आलं की लोक पोराबाळांना घेऊन आसऱ्याला तिथंच. आणि कुणी मोठं माणूस गेलं, की आपण आज जमलोय तसं जमायचं तेही तिथंच. आप्पा म्हणायचे, 'आपल्याकडं ग्राउंड निराळं, कार्यालय निराळं, समाजमंदिर निराळं. त्यांचं सगळं एकच हाय. जपून वापरत्यात बिचारी.'

ते मैदान राखणारा एक माणूस होता. तोमासी. आप्पांच्याच वयाचा. आप्पा त्याला 'तोमाभाऊ' म्हणायचे आणि तोही हाकेला ओ द्यायचा. मैदानावरचं बारीक गवत शेजारच्या मोठ्या देशातून जहाजानं आणलेलं. बेटावर गोड्या पाण्याची मारामार. तोमासी छपरांवरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचा आणि ते त्या गवताला पाजायचा. स्वतः गवतावर अनवाणी चालायचा, बूट हातात. आप्पा म्हणायचे, 'लेकराला तेल लावावं तसा पाणी घालायचा गं.'

आता बघा काय झालं.

नटबोल्टांचं जहाज यायला उशीर झाला. अर्धं छत वर, अर्धं खाली, आणि पोरांच्या हाताला काम नाही. रविवार होता. तोमासी बेटाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडं गेलेला. चहूबाजूला समुद्र. घरची आठवण. आणि समोर भलंमोठं मोकळं मैदान. दापोडीच्या माणसाला मोकळं मैदान दिसल्यावर तो काय करणार? सांगा ना. तुम्ही काय केलं असतं?

कबड्डी. अर्थात कबड्डी.

आणि कबड्डी म्हटलं की चुन्याची फक्की आली. या मंडळाच्या मैदानावर फक्की मारायचा मान आप्पांचा होता, हे तुम्हा सगळ्यांना माहितीय. दोरी न लावता सरळ रेघ. तिकडं बांधकामावर चुन्याच्या गोण्या पडलेल्या होत्याच. आप्पांनी घमेलं भरलं, आणि नव्या छताची सावली पडते त्या कोपऱ्यात, अगदी कॉर्नरच्या झेंड्याजवळ, कबड्डीचं अख्खं मैदान आखलं. चारी बाजू. मधली रेघ. आतल्या रेघा. चुना हात सोडून टाकला, कारण हिरव्यावर उठून दिसेना.

कुणाच्याही मनात आलं नाही. एकाच्याही नाही. आपण मातीत खेळलेली माणसं. आपल्याकडं मैदान म्हणजे माती, आणि चुना मातीचं काय वाकडं करणार? वारा आला की उडून जातो. त्याखाली जीव असतो, तो जळतो, हे आपल्यातल्या कुणाला सुचलं असतं?

डाव मात्र रंगला म्हणे. तिकडचे गवंडी आले, एक पोलीस आला. पोलिसानं टोपी काढून चढाई केली आणि बबनकाकांनी त्याचा घोटा धरला. बरोबर ना काका? देशाचा पोलीस पाडला तुम्ही. संध्याकाळी सगळे हसत हसत खोल्यांवर गेले. रात्री पाऊस झाला आणि चुना मुरला.

तोमासी आला तोवर गवत पिवळं पडायला लागलं होतं. मग तपकिरी झालं. मग जळून खाली माती दिसायला लागली. देशाच्या एकुलत्या एक मैदानावर कबड्डीचं मैदान उमटलं. पायऱ्यांवर कुठंही बसा, दिसणारच.

बबनकाकांनी तोडगा काढला होता. म्हणाले, आप्पा, हिरवा रंग मारू. आप्पा म्हणाले, 'बबन्या, गाडी हाय का ही? टचअप मारतोय.'

तोमासी चिडला नाही. आप्पांना तेच लागलं. तो टोपी काढून त्या रेघेशेजारी खाली बसला आणि जळलेल्या गवतावरून बोटं फिरवत राहिला. बराच वेळ. आप्पा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, मी. मी केलं. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, ओके, ओके माय फ्रेंड. आप्पा मला सांगायचे, 'शिवी दिली असती ना वैशे, तर बरं झालं असतं. ओकेनं लई त्रास झाला.'

मग हे दोघं कामाला लागले. रोज शिफ्ट संपली की आप्पा त्या कोपऱ्यात. जळलेली माती काढायची, चांगली माती भरायची. पण लावायचं काय? तसलं बारीक गवत बेटावर मिळत नव्हतं, ते जहाजानं यायचं आणि जहाजाचा भरवसा नाही. पायऱ्यांच्या मागं, समुद्राच्या बाजूला, एक आडदांड गवत आपोआप वाढलेलं होतं. आपल्याकडं हरळी असते ना, कितीही उपटा, पुन्हा हजर, तसलं. आप्पा ते उपटून आणायचे आणि उकिडवे बसून काडी काडी लावायचे. तोमासी पाणी घालायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी बोलायचे. आप्पा मराठीत, तो त्याच्या भाषेत. आप्पा म्हणायचे, 'गवताचं बोलायला काय लागतंय.'

छताचं काम संपलं. बाकीची पोरं परत आली. आप्पा थोडे मागं राहिले, कारण शेवटच्या रेघेचं गवत अजून मूळ धरलं नव्हतं. आणि इकडं माझ्या लग्नाची तारीख आली.

आप्पा आले. लग्नाला आले. तिकडून निघाले तेव्हा रेघ दिसत होती. नवं गवत कुठं लागलेलं, कुठं नाही, आणि मधे काळी माती. स्टेडियमचं उद्घाटन तोंडावर. फुटबॉलचा सामना होणार, सगळा देश येऊन बसणार. आणि आप्पा ती रेघ तशीच टाकून विमानात बसले.

माझ्या लग्नात काय झालं ते ऐका. भटजींनी कन्यादानाला मुलीच्या वडिलांना बोलावलं. आणि वडील नाहीत. सगळीकडं शोधाशोध. माझे दीर मोटरसायकल काढून निघाले होते. आप्पा सापडले कुठं? कार्यालयाच्या लॉनवर. फेटा बांधलेला, नवा सदरा, आणि उकिडवे बसून माळ्याला विचारतायत, 'हे धरायला किती दिवस लागलं?' माझ्या लग्नाच्या व्हिडिओत आहे हे. सगळे अक्षता टाकतायत आणि मागं आप्पा गवत चाचपतायत. आमच्या सासरी अजून कुणी आलं की तेवढा भाग मागं नेऊन नेऊन दाखवतात.

त्यानंतर आमच्या घरात एकच विषय. रेघ गेली का?

दर रविवारी आप्पा तोमासीला फोन लावायचे. आप्पांचं इंग्रजी तुम्हाला माहितीय. 'तोमाभाऊ, लाईन गॉन?' तिकडून आवाज यायचा, 'गॉन, माय फ्रेंड, गॉन.' मग दोघं नुसते हसायचे, आणि फोन ठेवायचे. ठेवला की आप्पा फोनकडंच बघत बसायचे. मी म्हणायचे, सांगतोय ना तो, गेली म्हणून. तर म्हणायचे, 'त्यो भला माणूस हाय. भली माणसं खरं सांगत न्हाईत.'

एकदा तोमासीनं कुणाच्या तरी फोनवरून फोटो पाठवला. त्यात निम्मं आभाळ आणि निम्मा त्याचा अंगठा. मग मी आप्पांना फोनवरचा नकाशा काढून दिला, वरून उपग्रहानं घेतलेला असतो तो. बोटानं मोठा करत करत त्या बेटावर गेलो. समुद्र दिसला. रस्ता दिसला. ट्रॅकची तांबडी कड दिसली. आणि मैदानावर नेमका ढग. पांढराशुभ्र. पुढं वर्षानुवर्षं तो नकाशा बघितला, ढग हललाच नाही. आप्पांनी त्या ढगाला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या चाकणच्या ट्रॅफिकलाही दिल्या नसतील.

जाऊन बघावं असं फार होतं मनात. रिटायर झालो की जाऊ म्हणायचे. आई म्हणायची, गवत बघायला विमानानं कोण जातं? पण आई, तूच त्यांचा पासपोर्ट कपाटात साडीच्या घडीत ठेवला होतास. मला माहितीय. रिटायर झाले, आणि मग मूत्रपिंडाचं निघालं. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. लांबचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला. त्या दिवशी आप्पा घरी येऊन नुसती चप्पल काढून बसून राहिले.

मला राग यायचा. आजही येतो, ते इथं सांगून टाकते. मला वाटायचं, हा माणूस माझ्या लग्नाला आला, आणि तेव्हापासून तिकडंच तोंड करून बसलाय. माझ्यासाठी ती रेघ अर्धी सोडली, याचं ओझं मी का वागवायचं? मी काय मागितलं होतं?

यंदा दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. तोमासीचा फोन आला की आज आमच्या देशाची मॅच आहे, आमच्याच मैदानावर, आणि मोबाइलवर लाइव्ह दिसणार आहे. तिकडची दुपार म्हणजे आपली सकाळ. वॉर्डात डॉक्टरांची फेरी व्हायची होती. मी मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून पलंगावर उभा केला. चित्र अडकत होतं, पण दिसत होतं. ते छत दिसलं. आप्पांनी चढवलेलं छत. आप्पांनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. 'डावीकडं घ्या म्हणावं.' मी म्हटलं, आप्पा, कॅमेरा बॉलच्या मागं जातो. आपल्या सांगण्यानं नाही.

म्हणजे बॉल त्या कोपऱ्यात जायला हवा. आणि तो कोपरा होता तोमासीच्या देशाच्या गोलकडचा. म्हणजे पाहुण्यांनी हल्ला चढवायला हवा. आता आप्पांची पंचाईत बघा. मनानं ते तिकडचे. पण बॉल यायला पाहिजे तिकडच्यांच्याच अंगावर. म्हणायला लागले, 'येऊ द्या, येऊ द्या. गोल न्हाई करायचा. नुसतं या.'

शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, कसली मॅच? मी सगळं सांगितलं, चुन्यापासून. तेही उठून बसले. त्यांचा मुलगा आला. झाडून घेणाऱ्या मावशी काठीवर हात ठेवून थांबल्या. सिस्टर आत आली आणि म्हणाली, इंडियाची मॅच आहे का? आम्ही म्हटलं, नाही. मग ओरडताय कशाला? आजोबा म्हणाले, सिस्टर, कॉर्नर पाहिजे. डाव्या बाजूचा कॉर्नर.

बॉल मधेच घुटमळायचा. उजवीकडं जायचा. सगळा वॉर्ड 'अरे' करायचा. पाहुण्यांनी गोल केला, तोही उजवीकडून. आमच्याकडं कुणाला त्याचं काही नाही. सिस्टर इंजेक्शन हातात धरून तशीच उभी. आणि मग एकानं बॉल डावीकडं मारला, तोमासीच्या माणसाच्या पायाला लागून तो बाहेर गेला, आणि रेफ्रीनं हात केला. कॉर्नर!

वॉर्ड असा ओरडला की पलीकडून डॉक्टर आले. कॅमेरा त्या झेंड्याजवळ गेला. खेळाडू बॉल ठेवायला वाकला. आणि आप्पा मोबाइलवर इतके वाकले की मला दिसेना.  आप्पा एकदा चष्मा काढून बघतायत, एकदा लावून बघतायत. मग मागं टेकले.

'न्हाई दिसत गं.'

काय नाही दिसत आप्पा?

'रेघ. समदं हिरवं हाय. एकसारखं.'

सामना तोमासीचा देश हरला. बऱ्याच गोलांनी हरला, असं नंतर कळलं. आमच्या वॉर्डात त्या दिवशी पेढे वाटले.

दुपारी आप्पांचं जेवण झाल्यावर मी त्यांना विचारलं. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. म्हटलं, आप्पा, राहायचं होतंत की तिकडंच महिनाभर. मी लग्न पुढं ढकललं असतं. जीवाला एवढी टोचणी लावून का आलात?

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी लहानपणी चपला उलट्या घातल्या की बघायचे. म्हणाले, 'येडी का काय. गवत माझ्याबिगर उगवतंय. तुझी पाठवणी माझ्याबिगर झाली असती व्हय?'

एवढंच. मग कूस बदलून झोपले.

थांबते जरा.

त्यानंतर आप्पा घरी आले. काही महिने होते. रविवारी फोन करायचे, पण रेघेचं विचारायचे नाहीत. नुसतं 'तोमाभाऊ, पाऊस?' एवढंच. माणूस हलका झाला होता, आईला विचारा. आणि मग गेले. शांतपणे गेले. ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता जे सांगणार आहे ते आईलाही माहिती नाही. आई, तुलासुद्धा इथंच ऐकायचंय.

परवा रविवार होता. आप्पांचा फोन उशाशी तसाच होता. वाटलं, तिकडं तो माणूस वाट बघत असेल. त्याला कुणी सांगितलं असणार? मी फोन लावला. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की मी किसनची मुलगी, किसन गेले.   मग तो म्हणाला, तू ती लग्नाची मुलगी का? म्हटलं, हो, तीच. तर म्हणाला, तुझ्या लग्नाबद्दल तो रोज बोलायचा. गवत लावता लावता. मला कळायचं नाही, पण तुझं नाव यायचं, आणि तो हातानं दाखवायचा, एवढी होती, आता एवढी झाली.

हे आप्पांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

मग मी त्याचे आभार मानले. म्हटलं, तुम्ही रेघ घालवलीत, आप्पांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, ते समाधानानं गेले.  तो म्हणाला, आज खोटं बोलवत नाही. रेघ गेलेली नाही.

 मी खाली बसले.

म्हणाला, नीट ऐक. चुन्याची जळकी रेघ कधीच गेली. तो तिच्याबद्दल विचारायचा, आणि मी खरं तेच सांगायचो, गेली म्हणून. पण तुझ्या वडिलांनी तिथं जे गवत लावलं, ते समुद्राकडचं. पावसाच्या दिवसांत सगळं मैदान सारखं हिरवं असतं, तेव्हा काही कळत नाही. तुम्ही मॅच बघितलीत ती पावसातली. पण आमचा उन्हाळा आला, टाक्या आटल्या, की बाहेरून आणलेलं माझं सगळं गवत वाळतं. अख्खं मैदान पिवळं पडतं. तुझ्या वडिलांचं गवत वाळत नाही. दरवर्षी त्या कोपऱ्यात चौकोन हिरवा उठतो. चारी बाजू, मधली रेघ, आतल्या रेघा, सगळं. लोक पायऱ्यांवरून बघतात आणि विचारतात, हे काय? मी सांगतो, इंडियाचा एक माणूस होता, त्यानं लावलंय. मी म्हटलं, मग त्यांना का नाही सांगितलंत? तर हसला. म्हणाला, सांगितलं असतं तर तो कुदळ घेऊन आला असता उपटायला.

आला असता. बबनकाका, आप्पा आले असते की नाही?

मी विचारलं, आता? आत्ता काय आहे तिकडं? तो म्हणाला, आत्ता उन्हाळा चाललाय. थांब. आणि तो फोन कानाला लावून चालत गेला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, वारा ऐकू येत होता. मग म्हणाला, इथं उभा आहे मी. सगळं वाळलंय. हे हिरवं आहे.

माणूस गेला की मागं काय राहिलं ते बघतात. जमीन बघतात, घर बघतात. आप्पांचं दापोडीतलं घर दोन खोल्यांचं, तुम्ही बघितलंय. पण एका देशाच्या एकुलत्या एक मैदानावर आप्पांच्या हातची रेघ आहे. ती पुसली जावी म्हणून हा माणूस जन्मभर झुरला. आणि मी परवापासून देवाला एकच मागतेय, की ती जाऊ नये.

आप्पा, तुम्हाला नाही दिसली ते बरं झालं. तुम्ही तुमच्या मनासारखं बघून गेलात. आता आम्ही आमच्या मनासारखं बघू. आई, तुझा पासपोर्ट काढायचाय. उन्हाळ्यात जायचं. तिकडच्या उन्हाळ्यात.

आता सगळ्यांनी उठूया. मिनिटं कुणी मोजू नका. डोळे मिटा आणि नुसते गप्प उभे राहा. आईनं डोळे उघडले की आपण उघडू.

आप्पा, तुमच्या मुलीचा नमस्कार घ्या. तिकडं ऊन आहे, आणि तुमचं गवत धरलंय.